बरंझालंकाकूंचा रफू

दूध उतू गेलं की ती म्हणायची, बरं झालं, शेगडी धुवायचीच होती. छप्पर गळायला लागलं की म्हणायची, बरं झालं, बादली आयती भरली. एकदा जिन्यावरून घसरून मनगट मोडलं, तर हाड बसवणाऱ्या डॉक्टरलाच म्हणते, "बरं झालं, डावं मोडलं. उजवं असतं तर तुमच्या कोटाची बाही कोण रफू करणार होतं? कोपरापाशी बघा, झुरळाला ये-जा करता येईल." डॉक्टर बिचारा इतका हसला की कोट तिथंच ठेवून सदऱ्यावर घरी गेला.

गल्लीत तिला सगळे बरंझालंकाकू म्हणत. घरात ती थोरली जाऊ.

धाकटी जाऊ त्या घरात नवी आली तेव्हा तिला वाटलं, आपण नशीब काढलं. माहेरी तिनं सगळी तोंडं आंबट पाहिलेली. तिथं ऊन पडलं तरी बायका म्हणायच्या, आता घाम येईल. आणि इथं ही थोरली, सकाळी उठल्यापासून गालातल्या गालात हसत, जणू कुणी कानात गंमत सांगून गेलंय. धाकटीच्या हातून पहिल्याच दिवशी काचेची बरणी फुटली. ती भिंतीला टेकून उभी राहिली, तर थोरली झाडू घेऊन आली नि म्हणाली, "बरं झालं गं. त्या बरणीचं झाकण माझ्याशी कधी नीट वागलंच नाही."

घर म्हणजे खाली रस्त्याला लागून रफूचं दुकान, मागं स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. दुकानाला खिडकी मोठी, कारण रफूला दिवसाचा उजेड लागतो. दिव्याखाली काळा कुठला नि गर्द निळा कुठला ते कळत नाही. खिडकीपाशी थोरलीची खुर्ची. तिच्या खांद्यावर बारा महिने एक राखी शाल. आणि दाराशेजारी भिंतीत एक खिळा होता, तो मात्र ठेंगणा. मोठ्या माणसाच्या कमरेलाही पोचणार नाही इतका खाली. येता-जाता कुणाचा तरी कपडा त्यात अडकायचा.

"हा खिळा इतका खाली कुणी ठोकला, जाऊबाई?" धाकटीनं एकदा विचारलं.

"कुणास ठाऊक," थोरली म्हणाली. "पण बरं झालं. माझ्या कात्रीला आयती जागा झाली. बसल्या बसल्या हात पोचतो."

थोरलीचा नवरा कुठं, हे विचारायला धाकटीला कितीतरी दिवस धीर झाला नाही. भिंतीवर फोटो नव्हता, कपाटात चपलेचा जोड नव्हता. शेवटी तिनं आपल्या नवऱ्याला विचारलं. त्याचाच तो सख्खा थोरला भाऊ. नवरा घास घेता घेता थांबला, छताकडं बघत राहिला, आणि म्हणाला, "होता. म्हणजे असणारच ना. नाहीतर ह्या वहिनी कशा?" आणि हसून पुढचा घास घेतला. धाकटीला ते हसणं चमत्कारिक वाटलं. पण नव्या सुनेनं किती खोल खणावं?

आता त्यांचं काम कसं चाले ते ऐका, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

रफूला बाहेरचा धागा चालत नाही. कितीही रंग जुळवा, दोन धुण्यांत तो उघडा पडतो. म्हणून धागा त्याच कपड्यातून काढायचा. शिवणीच्या आत किंवा दुमडीत थोडं जास्तीचं कापड सोडलेलं असतं, तिथून एकेक धागा ओढून घ्यायचा आणि बाहेरच्या भोकावर उभा-आडवा विणत जायचं. वरून कापड नवंकोरं दिसतं. आतून तेवढं विरळ होतं, पण आत कोण बघतंय?

एवढं तर सगळेच रफू करणारे करतात. थोरलीची एक आणखी रीत होती. ती गिऱ्हाइकाला कपडा टाकून जाऊ देत नसे. समोर स्टुलावर बसवायची. "बसा. कुणाचा हा कपडा, कसा फाटला, सांगा बघू. तुम्ही बोला, मी टाके घालते. मुक्या कपड्यावर माझी सुई चालत नाही." आणि माणसं बोलायची. आधी अडखळत, मग धबाधबा. नदीत बुडालेल्या भावाचा सदरा असायचा, सोडून गेलेल्या बायकोचा गळपट्टा असायचा. थोरली मान डोलवायची, हसायची, मधूनच म्हणायची, "हो का? बरं झालं." शेवटचा टाका पडेस्तोवर माणसाचे डोळे कोरडे झालेले असायचे. दारातून बाहेर पडताना चाल बदललेली. लोक म्हणत, बरंझालंकाकूंकडं जा, कपडाही सांधतात आणि माणूसही.

धाकटीकडं काम होतं सांधलेले कपडे धुऊन इस्त्री करण्याचं. रफू डोळ्याला दिसत नसला तरी तिच्या बोटांना सापडायचा. इस्त्रीआधी हात फिरवला की तेवढी जागा थंड लागायची. उन्हात वाळवलेला कपडा असो, अंगावरून नुकता काढलेला असो, रफूची जागा थंड. रात्रभर अंगणात राहिलेल्या दगडासारखी. तिनं थोरलीला सांगितलं तर थोरली म्हणाली, "बरं झालं, उन्हाळ्यात कपाळाला लावायला होईल."

मग घड्याळवाल्याच्या बायकोची गोष्ट झाली. कोपऱ्यावरचा घड्याळवाला अचानक गेला. बायको त्याचा कोट घेऊन आली, पाठीला कसरीनं खाल्लेला. ती इतकी रडत होती की बोलण्यातले निम्मे शब्द कळत नव्हते. थोरलीनं तिला बसवलं. संध्याकाळच्या आत बाई हसत घरी गेली. पुढं काही आठवड्यांनी धाकटी तिचे धुतलेले पडदे द्यायला तिच्या घरी गेली, तर बाई खिडकीत फुलझाडाला पाणी घालत गुणगुणत होती. भिंतीवर घड्याळवाल्याचा मोठा फोटो. त्याच्याकडं धाकटीचं लक्ष गेलं तशी बाई कौतुकानं म्हणाली, "छान आहे ना चेहरा? कोण गृहस्थ आहेत कुणास ठाऊक. पण बरं झालं, भिंत भरल्यासारखी दिसते."

धाकटीच्या हातातले पडदे खाली पडले. ती घरी आली ती भिंतीच्या कडेकडेनं. पण बोलायचं कुणाशी? नवरा म्हणाला असता, तुला भास होतात. आणि थोरली काय म्हणाली असती ते तर शेजारचं पोरही सांगेल.

एवढ्यात त्यांच्याच घरावर वीज पडली. धाकटीची लेक, ह्याच घरात जन्मलेली, एकुलती एक, तापानं गेली.

भिंगरी म्हणत तिला. एका जागी म्हणून बसायची नाही. बाप छापखान्यात कामाला होता, तो संध्याकाळी यायचा तेव्हा ही कोपऱ्यापर्यंत पळत जायची आणि त्याच्या कोटाच्या खिशाला लटकत घरी यायची. लटकून लटकून खिशाचा कोपरा फाटला होता. ती गेल्यावर बापाचं सगळं लक्ष त्या फाटक्या कोपऱ्यात गेलं. बसला की बोट त्या भोकात. जेवताना डावा हात भोकात. कामावर जायचा नाही, गेला तर अक्षरं उलटी जुळवायचा. छापखान्याच्या मालकानं दोनदा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा निरोप पाठवला की आता दुसरा माणूस बघतो.

थोरलीनं पहिल्याच आठवड्यात आपल्या शालीच्या कडेला एक छोटासा रफू घातला होता, एकटीच पुटपुटत. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा गालातल्या गालात हसायला लागली. धाकटीला तेव्हा रागच आला होता. एका सुट्टीच्या सकाळी थोरलीनं दिराला स्टुलावर बसवलं. "भाऊजी, आणा तो कोट. किती दिवस फाटक्या खिशानं फिरणार? बसा, सांगा."

धाकटी स्वयंपाकघरात होती. तिला नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, आधी फुटलेला, मग सपाट, मग हलका. दुपारी तो शीळ घालत आत आला आणि म्हणाला, "काय केलंयस गं आज? भूक लागलीय."

तो कामाला लागला. अक्षरं सुलटी जुळवायला लागला. मालक खूश. धाकटीला वाटलं, जाऊ दे, माणूस तरी वाचला. मग एका संध्याकाळी ती त्याच्याजवळ बसून म्हणाली, "आज असती तर शाळेत जायला लागली असती, नाही?"

"कोण?" तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो थट्टा करत नव्हता. उलट त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "बरं नाही का वाटत तुला? वहिनींकडं बस जरा. मोकळं वाटतं."

त्या दिवसापासून धाकटीला एकच भीती. आता भिंगरी साऱ्या जगात एकट्या तिच्यापाशी उरली होती. आपण घसरलो तर लेक पुन्हा एकदा जाईल, आणि ह्या वेळी रडायलासुद्धा कुणी नसेल. भिंगरीचा निळा झगा, फाटकाच्या तारेत अडकून बगलेपाशी फाटलेला, तिनं ट्रंकेत तळाला ठेवला. त्यावर पांघरुणं, त्यावर जुनी भांडी. किल्ली गळ्यात.

थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं. पण काम करता करता ती मान वर करून छताकडं बघायची, जिथं वर बरोबर ती ट्रंक होती. "धाकटे, वर काहीतरी फाटकं ठेवलंयस तू."

"नाही हो."

"असू दे, असू दे. मला फाटक्याचा वास येतो. आण कधीतरी. डोळे बघ तुझे, सुजून पाव झालेत नुसते. किती दिवस असं चालणार? दोन टाक्यांचं काम." आणि ते हसू. रागावून बोलली असती तर भांडता आलं असतं. हसऱ्या माणसाशी भांडायचं कसं? साबणाच्या फेसाला चिमटा काढण्यासारखं ते.

आणि खरं सांगायचं तर धाकटीला मोहही व्हायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. काही सकाळी अंथरुणातून उठताना छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. तेव्हा खालून थोरलीचं आणि आपल्या नवऱ्याचं हसणं ऐकू आलं की वाटायचं, जावं, बसावं स्टुलावर, व्हावं मोकळं. मग ती किल्ली मुठीत धरायची, तिचे दात तळव्यात रुतेपर्यंत.

एका सुट्टीच्या दिवशी ती पुलापलीकडं सांधलेली पांघरुणं पोचवायला गेली. जाताना न्हाणीघरातल्या खुंटीवर किल्ली विसरली. अर्ध्या वाटेत गळा चाचपला आणि तशीच परत फिरली. ऊन चांगलं कडक होतं. गल्लीत माणसं होती, पाववाला ओरडत होता, सगळं नेहमीसारखं. तिनं दुकानाचं दार ढकललं.

थोरली खिडकीशी बसली होती. मांडीवर निळा झगा.

"आलीस? बरं झालं," थोरली म्हणाली. "भाऊजी ट्रंकेत पांघरूण शोधत होते, त्यांना हा सापडला. म्हणाले, वहिनी, कुणाचा तरी लहानसा झगा पडलाय आपल्याकडं, नीट करून कुणाच्या तरी लेकराला द्या. तुझीच वाट बघत होते मी. मुक्या कपड्यावर सुई चालत नाही ना माझी. बस. कुणाचा गं हा?"

आतल्या शिवणीतून ओढलेला एक निळा धागा सुईत ओवून तयार होता.

धाकटीला ओरडायचं होतं. पण पाय आपोआप स्टुलाकडं गेले. गुडघे आपोआप वाकले. खिडकीतून ऊन येत होतं, खोलीत लोकरीचा उबदार वास होता, आणि समोर जगातला सगळ्यात प्रेमळ चेहरा तिच्याकडं बघत होता.

"माझ्या लेकीचा," ती म्हणाली.

"हो का?" सुई कापडात शिरली.

"ती... शेजारचं मांजर आलं ना, की पायरीवरून उठून त्याला जागा द्यायची. म्हणायची, बसा साहेब. त्याला साहेब म्हणायची ती."

"साहेब!" थोरली खळखळून हसली. टाका ओढला गेला. "बरं झालं. आणि?"

धाकटीनं पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि तिला वाटलं, आपण आत्ता काय सांगितलं? काहीतरी पायरीबद्दल होतं. कोण पायरीवर? तिनं मनात हात घातला, तर तिथं काही नव्हतं. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते तसं झालं. आणि खड्डा थंड होता.

ती उठली ती स्टूल उलथूनच. झगा ओढून घेतला. थोरलीच्या बोटातून रक्त आलं.

"अगं, सुई!" थोरली बोट चोखत म्हणाली. "बरं झालं, मला टोचली. तुला टोचली असती तर?"

धाकटी वर पळाली. दाराला कडी घातली. खिडकीत बसून तिनं झग्यावर बोट फिरवलं. बगलेपाशी, भोकाच्या काठावर, एवढासा थंड ठिपका. एकच टाका. तिनं केसातली पिन काढली, त्या टाक्याखाली घातली आणि अलगद उसवला.

साहेब!

तिला हुंदकाच फुटला. लठ्ठ बोका, पायरी, आणि बाजूला अदबीनं हात जोडून उभी भिंगरी. सगळं जागच्या जागी. ती त्या मांजरासाठी इतकी रडली की गल्लीतून जाणाऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काय हे, भर दुपारी.

पण रडता रडता तिची नजर भिंतीकडं गेली. तिथं नवऱ्याचा कोट टांगला होता.

आता विचार करा. माणूस कामाला लागलाय, शीळ घालतोय, दोन घास नीट खातोय. त्याची खपली काढायची? धाकटी पिन हातात घेऊन बराच वेळ बसली. ही माया की आपलं एकटेपण सोसवत नाही म्हणून केलेलं पाप, हे तिचं तिला ठरवता येईना. शेवटी तिला दिसलं ते एवढंच, की लेक दोघांची होती, आणि बापाचा अर्धा वाटा कुणीतरी खिशात शिवून टाकला होता. तिनं कोट मांडीवर घेतला.

नवरा खाली होता, न्हाव्याकडं निघायच्या घाईत. "कोट टाक गं खाली!" जिन्यातून त्याचा आवाज आला. धाकटी स्वतः घेऊन गेली. त्यानं हात घातले, शीळ घालत दारापाशी पोचला, आणि सवयीनं डावा हात खिशात घातला. बोट भोकातून आरपार गेलं.

शीळ थांबली.

तो तसाच उभा राहिला, दाराबाहेर एक पाऊल. मग त्याचा डावा खांदा हळूहळू खाली झुकला, खिशाला कुणी लटकल्यावर झुकतो तसा. मान वळवून त्यानं खाली, आपल्या कमरेपाशी बघितलं. तिथं कुणी नव्हतं. तिथं कुणी नाही हे त्याला किती महिन्यांनी पहिल्यांदा कळलं.

"भिंगरी," तो म्हणाला.

आणि उंबऱ्यावर बसला. धाकटी त्याच्या शेजारी बसली. पाववाला हातगाडी तशीच सोडून बघत राहिला. "तू मला तिच्याबद्दल विचारलंस ना गं, त्या दिवशी? आणि मी 'कोण' म्हणालो?" तो विचारत होता, आणि ती सांगत होती, "असू दे, असू दे." दोघं रडत होते आणि मधेच त्याला आठवलं, "ती बोक्याला काय म्हणायची?" आणि दोघं एकदमच म्हणाले, "साहेब," आणि रडता रडता हसले. ते हसू थोरलीच्या हसण्यासारखं नव्हतं. ते डोळ्यांतल्या पाण्यानं भिजलेलं होतं.

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. थोरली येऊन उभी राहिली होती. चेहरा तसाच हसरा. ती ह्याच्याकडं बघे, तिच्याकडं बघे. एखादं पोर मिठाईच्या काचेबाहेर उभं राहून बघतं ना, तसं.

"बरं," ती म्हणाली, आणि थांबली. पुढचा शब्द आलाच नाही.

मग तिनं खांद्यावरची शाल काढून धाकटीच्या मांडीवर ठेवली. शालीशिवाय तिला कुणी कधी पाहिलंच नव्हतं. केवढीशी दिसत होती.

"तुझ्या बोटांना सापडतं ना?" ती म्हणाली. "बघ माझ्या शालीत. मला कधी कधी कुणाला तरी हाक मारावीशी वाटते. अगदी जिभेवर येतं. मग तोंड उघडते आणि बरं झालं एवढंच बाहेर पडतं." आणि ती हसली. हसण्यावाचून तिच्या तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं.

धाकटीनं शालीवर हात फिरवला आणि झटक्यानं मागं घेतला. कडेपासून कडेपर्यंत शाल थंड होती. रफूवर रफू, त्यावर रफू. दुमडीतले धागे तर केव्हाच संपले होते. मग कडांचे, मग मधले काढून मधेच भरलेले. मूळ कापड शोधून सापडेना. सगळं उसवलं असतं तर हातात काही उरलं नसतं, ना शाल ना थोरली.

"जाऊबाई, ह्यातला कुठला?"

"कुठलाही. एखादा."

धाकटीनं चारी कोपरे चाचपले. एका कोपऱ्यात एक रफू जरा जाडाभरडा लागला, टाके वेडेवाकडे, हात अजून बसला नव्हता तेव्हाचा. सगळ्यात पहिला असावा. तिनं पिन घातली. धागा जुना झालेला, सुटता सुटता तुटत होता. उरलेला निघाला तेव्हा तिथं अंगठा जाईल एवढं भोक पडलं.

थोरली रडली नाही. ती वळून दाराशेजारच्या त्या ठेंगण्या खिळ्यापाशी गेली, आणि वाकून बघत राहिली. खिळ्याचं डोकं किती गुळगुळीत झालंय हे धाकटीच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. कात्रीनं एवढं होत नाही.

"ही कात्री इथं कुणी अडकवली?" थोरलीनं विचारलं. तिचा आवाज तरण्या बाईचा झाला होता. "मग तो टोपी कुठं अडकवणार? त्याचा हात एवढाच तर पोचतो."

"कोण, जाऊबाई?"

थोरलीचं तोंड उघडलं, ओठ जुळले, नाव अगदी दारापर्यंत आलं. पण तुटलेला धागा पुरा कुठून यायचा? तिनं जावेकडं बघितलं, दिराकडं बघितलं. दिरानं मान हलवली. त्याच्याही जुन्या कुठल्या सदऱ्यात ते नाव शिवलं गेलं असेल, आणि तो सदरा कधीच विरून गेला.

"येऊ दे तर खरं," थोरली म्हणाली. "मग त्यालाच विचारू."

त्या दिवसापासून दुकानाचं दार लावत नाहीत, वारा असो की थंडी. कात्री टेबलावर असते. थोरली अजून हसते, अजून गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवते, पण धागा ओवण्याआधी विचारते, "सांधायचं, की राहू द्यायचं भोक?" पुष्कळ लोक सांधाच म्हणतात. त्यांना बोल कसा लावणार? काही मात्र कपडा छातीशी धरून परत जातात.

धाकटीचा नवरा फाटक्या खिशानं छापखान्यात जातो. एखादं अक्षर उलटं पडतं कधीमधी, मालक कुरकुरतो आणि सुलटं करून घेतो. आणि धाकटी रोज सकाळी दुकान झाडायला येते तेव्हा आधी त्या खिळ्यावर बोट टेकवते. भिंत गार असते, पण खिळा नसतो. कुणीतरी आत्ताच टोपी काढून नेल्यासारखा तो ऊबदार लागतो.

तिनं हे थोरलीला सांगितलेलं नाही. थोरली काय म्हणेल, हे आता तिला आधीसारखं सांगता येत नाही.